काट्यावरचे तास

गाळप हंगामात रात्री अकरा वाजता नगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातले बरेचसे ऊसगाड्यांचे चालक रस्त्यावर नसतात, कारखान्याच्या आवारात रांगेत असतात. ट्रॅक्टर बंद, मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे तसेच कितीतरी ट्रॅक्टर. नंबर लागला की काट्यावर भरल्या गाडीचं वजन. मग ऊस जिथे मिलमध्ये टाकतात त्या गव्हाणीची दुसरी रांग. ऊस उतरला की रिकाम्या गाडीचं वजन, पावती, आणि पुन्हा फडाकडे. रांग सरकेल तसा ट्रॅक्टर चार हात पुढे घ्यावा लागतो, म्हणून धड झोपता येत नाही. आणि चाकं फिरत नाहीत, म्हणून याला कुणी कामही म्हणत नाही.

व्यावसायिक चालकांच्या थकव्यावर जे लिहिलं-बोललं जातं, त्यात वेग येतो, दारू येते, मोबाइल येतो, खड्डे येतात. हे रांगेतले तास येत नाहीत. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात मात्र थकव्याचं मूळ शोधायचं तर ते स्टिअरिंगवर जितकं सापडतं, त्याहून जास्त काट्यावर सापडतं.

हे तास साचतात कसे, ते आधी पाहू. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर हा तालुका उसाचा झाला. नागवडे सहकारी कारखाना आणि पिंपळगाव पिसाचा कुकडी कारखाना ही इथली दोन मोठी सहकारी नावं. शिवाय खासगी कारखाने आहेत, आणि शेजारच्या दौंड, शिरूर, कर्जत तालुक्यांकडेही ऊस जातो-येतो. बीड, आष्टी, पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे फडात उतरतात, दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधणं आणि भरणी. त्यामुळे तालुकाभरच्या गाड्या भरून निघतात त्या साधारण एकाच वेळी, दिवस कलताना, आणि कारखान्यावर पोचतात त्याही एकदमच. त्यातच कधी मिल बंद पडते, कधी अवकाळी पाऊस येतो, कधी ऊस दाटतो. रांग लांबते.

कुंपणाच्या आत कारखाना चोवीस तास चालतो, पण तिथला माणूस आठ तासांनी बदलतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. गव्हाणीवर, बॉयलरवर, काट्यावर, सगळीकडे पाळ्या आहेत. त्याच काट्यावर गाडी घेऊन आलेल्या चालकाला पाळी नाही. संध्याकाळी काट्यावर ज्याने त्याची नोंद केली तो कारकून घरी जातो, दुसरा येतो, पहाटे तिसरा येतो; चालक तोच असतो. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो. रांगेत चार तास गेले काय किंवा चौदा, पावतीवरचा आकडा तेवढाच. मग बुडालेला वेळ भरून काढायचा तो कुठून? झोपेतून, आणि रिकाम्या परतीच्या वेगातून.

गाडीचा मालक म्हणजे कुणी मोठा वाहतूकदार असतो असंही नाही. पुष्कळदा तो पाच-सात एकरांचा शेतकरी किंवा नोकरी न लागलेला त्याचा मुलगा असतो. ट्रॅक्टरवर कर्ज असतं, टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल असते, आणि ती उचल घेऊन टोळी आलीच नाही किंवा मधूनच निघून गेली, तर तो खड्डा त्याचाच. गेल्या काही वर्षांत कारखान्यांची गाळप क्षमता वाढली आणि हंगाम आखूड होत गेला. हप्ते वर्षाचे, कमाई तीन-चार महिन्यांची. असा माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर स्वतःला रजा देत नाही, आणि चालक ठेवला असेल तर त्यालाही देत नाही. त्याला दुष्ट ठरवून काही हाती लागत नाही. खेप चुकली की हिशेब चुकतो, इतकं ते सरळ आहे.

आता झोपेबद्दल. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी माणसांना एकदा जागं ठेवून आणि एकदा मद्य देऊन तीच चाचणी घेतली. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ जितका बिघडतो, तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असण्याइतका असतो. २४ तासांनंतर तो ०.१० टक्क्यांच्या घरात जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ असा की पहाटे पाचला उठून फडावर गेलेला आणि रात्री बारानंतर काट्यावरून सुटलेला चालक थेंबही न घेता कायद्याच्या रेषेपलीकडे असतो. पोलिसाच्या नळीत त्याने फुंकलं तर आकडा येईल शून्य.

त्यात शरीराचं घड्याळ. पहाटे दोन ते पाच आणि काही प्रमाणात दुपारी दोन ते चार या वेळात, पोटभर झोप झालेल्या माणसालाही पेंग येते. झोपेची उधारी असेल तर मेंदू मालकाला न विचारता तीन-चार सेकंद बंद होतो. डोळे उघडे असले तरी होतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक चार सेकंदांत सुमारे ८९ मीटर जातो. ताशी २० किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर २२ मीटर जातो, आणि अरुंद रस्त्यावर समोरच्या बाजूला शिरायला तेवढे पुष्कळ होतात. पूर्वी बैलगाडीत गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल वाट सोडत नसत. जुनी माणसं हे कौतुकाने सांगतात. ट्रॅक्टरला ही अक्कल नाही.

अशी डुलकी सरकारी आकड्यांत दिसते का? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेगाच्या नावावर ७१ टक्क्यांच्या आसपास मृत्यू आहेत. खाली उलट्या दिशेने गाडी चालवणं, मद्य, मोबाइल, सिग्नल तोडणं असे रकाने आहेत. झोपेचा रकाना नाही. असणार तरी कसा? झोप रक्तात सापडत नाही, चालक वाचला तर कबूल करत नाही, आणि ठाण्यातल्या फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ हे शब्द ठरलेले असतात. दोन भरल्या ट्रॉल्या ओढत रांगणाऱ्या ट्रॅक्टरलासुद्धा ते ‘भरधाव’ चिकटतं. मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमात शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य स्थितीत वाहन चालवणं हा गुन्हा आहे, पण त्याचा दंड पहिल्या वेळी हजार रुपये, आणि तो सिद्ध करण्याचं साधन कुणाच्या खिशात नाही.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तेव्हा हा घोळ उघडा पडला. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं, मग डुलकीची शक्यता पुढे आली, पुढे मद्याचीही चर्चा झाली. त्या सुमारास ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वर्तमानपत्रांत फार चालला. सरळ, एकसुरी रस्त्यावर मन बधिर होतं हे खरं आहे. पण अपघात मध्यरात्रीनंतर झाला होता, आणि मध्यरात्रीनंतर पेंग यायला संमोहनाची गरज नसते.

श्रीगोंद्यातला रस्ता तर एकसुरी मुळीच नाही. नगरहून चिखलीचा घाट, कोळगाव, मढेवडगाव, काष्टी असं करत दौंडकडे जाणारा रस्ता आता १६० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. उत्तरेकडून येऊन बारामती-फलटणकडे जाणारे लांब पल्ल्याचे ट्रक आणि कंटेनर यावरून जातात. त्याच रस्त्यावर हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात. काष्टीच्या शनिवारच्या बाजारासाठी आदल्या रात्रीपासून जनावरांचे पिकअप येतात. दुधाचे टेम्पो आणि टँकर पहाटे व संध्याकाळी असे दोनदा. लिंबाच्या गोण्या बाजार समितीतून निघतात त्या रात्रीच, कारण मोठ्या शहरांतली बाजारपेठ पहाटे उघडते. सुपे आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींच्या कामगार-गाड्या पाळीच्या वेळी. यातल्या प्रत्येकाच्या झोपेची वेळ वेगळी मोडलेली आहे, आणि सगळे एका रस्त्यावर भेटतात. मागून येणारा चारशे किलोमीटर चालवून आलेला, पुढचा दहा तास रांगेत बसून सुटलेला, मधल्या ट्रॉलीला मागचा दिवा नाही. मागून धडक हा इथला नेहमीचा अपघात, आणि त्यात बळी जातो बहुतेक वेळा दुचाकीवाल्याचा. पंक्चर झालेली भरली ट्रॉली जॅकवर लावून, चाकामागे दगड ठेवून चालक निघून जातो. ट्रॉली नेली तरी दगड रस्त्यावरच राहतात. याला बेफिकिरी म्हणतात. ती आहेच. पण तीस तास न झोपलेल्या माणसाकडून दगड उचलायची आठवण राहील, ही अपेक्षाही जरा जास्तच आहे.

जागं राहण्याचे स्थानिक उपाय सर्वांना ठाऊक आहेत. चहा, तंबाखू, आणि नगर जिल्ह्यात सुपारी-तंबाखूचा मावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, माव्याची टपरी मात्र कारखान्याच्या फाटकासमोरच असते. दुसरा उपाय म्हणजे ट्रॅक्टरवरचे भोंगे. दणदणीत आवाजातली गाणी ऐकून गावकरी वैतागतात, मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, तक्रारी होतात. पोरांची हौस म्हणून आपण ते सोडून देतो. त्यात हौस आहे तशी झोप उडवण्याची खटपटही आहे, आणि ती फार वेळ टिकत नाही. कॅफिनने थोडा वेळ निभावतं, आवाजाने तेवढंही नाही.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती दिली. मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने तेच मान्य केलं. आता १९६१ चा हा कायदा नव्या श्रमसंहितेत गेला आहे. पण साठ वर्षांत त्याने श्रीगोंद्याच्या रस्त्याला हातही लावला नाही, कारण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. एक ट्रॅक्टर, एक मालक, एक चालक. इथे कायदा संपतो. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कामाच्या तासांची त्या कायद्यातली व्याख्या प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा आणि पूरक कामांचा वेळ धरते. शेवटच्या ठिकाणी नुसतं हजर राहण्याचा वेळ मात्र पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरते. म्हणजे काट्यावरच्या रांगेसारखा वेळ मोजायचा नाही, हे जणू कागदावरच ठरलेलं होतं.

आणि जिथे दुसरा डोळा होता तोही काढला. राष्ट्रीय परवान्याच्या मालवाहू गाडीवर दोन चालक असावेत असा नियम होता. तो पाळला जात नव्हता हे खरं. २०१८ मध्ये तो रद्दच झाला. त्याच वर्षी ट्रकवर लादायच्या वजनाची मर्यादा वाढवण्यात आली. क्लीनर तर खर्च वाचवण्यासाठी आधीच गेला होता. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा शहरांतल्या १,२०० हून अधिक ट्रकचालकांशी बोलणं झालं होतं. ते दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवत होते, आणि जवळपास निम्म्यांनी थकवा किंवा झोप येत असतानाही चालवत राहतो हे कबूल केलं.

युरोपात चालकाने साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला साधारण नऊ तास चालवायचं, आणि हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवतं. अमेरिकेत चालवण्याचे अकरा तास, आणि सगळं मिळून चौदा तासांची खिडकी. इतकं असूनही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मधल्या अहवालात वेगळंच काही दाखवलं. माल भरण्या-उतरवण्यासाठी थांबावं लागण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. रांगेत गेलेला वेळ चालक रस्त्यावर वसूल करतो, हे तिथेही आकड्यांत सापडलं. तिथे हिशेब मिनिटांचा आहे. आपल्याकडे रात्रींचा आहे.

चालकाचा वेळ मोजता येतो, याचं उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. एसटी आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे ते अहमदनगर. म्हणजे या जिल्ह्याला हा अनुभव पहिल्या दिवसापासूनचा. श्रीगोंद्याला आगार आहे. तिथे चालकाची ड्युटी लिहिलेली असते, गाडी किती वाजता सुटली-आली त्याची नोंद होते, डोळ्यांची तपासणी होते, विनाअपघात सेवेचा सत्कार होतो. व्यवस्था आदर्श नाही. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाला गावात झोपायला धड जागा नसते, डासांत गाडीतच पाठ टेकून पहाटेची फेरी काढावी लागते. माणसं कमी पडली की डबल ड्युटी येते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा जो संप चालला, त्यात विलीनीकरण आणि पगार पुढे होते. पण त्या संपाआधी आणि संपात झालेल्या आत्महत्यांनी दाखवलं की खाकीच्या आत किती दाबलं गेलं होतं.

ताणाची सर्वांत भयंकर आठवण त्याही आधीची. २५ जानेवारी २०१२ ला पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने बस बाहेर काढली आणि रस्त्यावर नऊ जणांना चिरडलं. रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती, ती मिळाली नव्हती, हे त्या खटल्यात आलं. त्याने गुन्हा हलका होत नाही. न्यायालयांनी वेडाचा बचाव मानला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीची जन्मठेप केली. तरी एक सवाल उरतोच: ड्युटी बदलून मागायला आलेल्या चालकाशी पाच मिनिटं बोलून, तो गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का हे पाहणारं कुणी आगारात असतं का? आणि एसटीत किमान अर्ज करायला एक खिडकी तरी आहे. ऊसगाडीच्या चालकाने मागायची कुणाकडे?

या ताणात अपघातानंतरच्या भीतीचा वाटा मोठा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, जीवघेणा अपघात करून न कळवता पळालेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, आणि जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलमही जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यातून जमावाच्या संतापाचा अपवाद करतं, म्हणजे भीती कायद्यालाही मान्य आहे. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पळालेल्या गाडीमागे तडफडून मेलेला माणूस खरा, आणि थांबून मार खाल्लेला चालकही खरा.

उपाय म्हणून जे येतं आहे, ते बहुतेक वरून येतं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचे तास ठरवावेत आणि गाडीत झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत असं सुचवलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणं बंधनकारक झालं. तेल कंपन्यांनी महामार्गांवर ‘अपना घर’ नावाने चालकांसाठी विश्रांतीची जागा उभी केली. सगळं चांगलंच. फक्त ट्रॅक्टरला केबिनच नसते, आणि काष्टीच्या रस्त्यावर खेपेवर चालणारा चालक ‘अपना घर’ शोधत कुठे जाणार? सेन्सरवर माझा फारसा भरवसा नाही. तो झोपलेल्याला उठवेल, झोप देणार नाही; आणि चालक त्याच्यावर फडकं टाकेल. साखर आयुक्तालय आणि परिवहन विभाग दर हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह धरतात, कारखान्यांवर लाल कापडं आणि पट्ट्या वाटल्या जातात, फोटो निघतात. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि खरोखर जीव वाचवणारा आहे, फक्त डिसेंबरपर्यंत पट्टीवर चिखल बसतो आणि ती पुसण्याचं काम कुणाचं ते ठरलेलं नसतं.

खरा उपाय काट्यावर आहे. टोळ्यांना तोडीचा कार्यक्रम देतानाच गाडीला येण्याची वेळ देता येते. मोबाइलवर नंबर कळवण्याची सोय काही कारखान्यांनी केलीही आहे. नंबर मोबाइलवर कळला की ट्रॅक्टरवर बसून राहण्याचं कारण संपतं. आवारात चाळीस-पन्नास खाटांची, अंधाराची, पंख्याची एक शेड, आणि रांग पुढे सरकवायला कारखान्याची तीन पाळ्यांतली दोन-तीन माणसं, एवढ्याने चालकाला सलग चार तास मिळतील. आवक-काट्याची वेळ आणि रिकाम्या काट्याची वेळ संगणकात आजही नोंदली जाते. त्या दोन वेळांतलं अंतर पावतीवर छापायला काही खर्च नाही. ठरलेल्या तासांपुढे वाहतूकदाराला थांबण्याचा दर द्यायला मात्र आहे, आणि तिथेच गाडी अडेल. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, वजा होतो. थांबण्याचा दर त्यातच धरला तर ऊस उत्पादक भडकेल, आणि त्याचं चुकणार नाही. रांग त्याने लावलेली नाही. तो दर कारखान्याने गाळपाच्या खर्चात धरला पाहिजे, म्हणजे रांग लांबली की तोटा ज्याच्या हातात रांग आहे त्याचा होईल. हा ठराव करायला ना केंद्राचा कायदा लागतो ना सेन्सर. हंगामाआधी वाहतूकदारांशी जे करार होतात, त्यांत दर आहे, अनामत आहे, दंड आहे. थांबण्याच्या तासांचं एक कलम घालायला संचालक मंडळाची एक बैठक पुरते. ते कलम मागायला मंडळात बसलेले ऊस उत्पादक असतात, वाहतूकदारांच्याही संघटना असतात. चालकांची तेवढी नाही.